पूर्वीची नोंद आणि संगणक क्षेत्रातील नोकरी

नागपुरातील प्रताप नगरलगत परसोडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. या क्षेत्रात उमेदवाराला आपले कौशल्य प्रत्यक्ष कामाच्या नमुन्यातून दाखविता येते. तथापि, नेमणुकीपूर्वी पूर्वचारित्र्याची चौकशी झाली, की पोलिसांत नोंद असलेला तरुण तेथे अडखळतो. अशा वेळी सल्ला देणाऱ्याने प्रथम नोंदीचे स्वरूप पाहावे.

खटला प्रलंबित असणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ३ किंवा ४ खाली ताकीद देऊन अथवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या व्यक्तीस, दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता कलम १२ नुसार लागत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ ने अल्पवयीनांनाही असेच संरक्षण दिले आहे. प्रौढाप्रमाणे खटला चालून दोषी ठरलेली सोळा वर्षांवरील मुले मात्र त्यास अपवाद आहेत.

माहिती दडविणे हा मार्ग नव्हे. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले, की विचारलेली माहिती खरी दिली पाहिजे. खरे सांगितल्याने नेमणुकीचा हक्क मिळत नाही. परंतु तरुण वयातील क्षुल्लक अपराधाकडे नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो.

म्हणून उमेदवाराने निकालाची प्रमाणित प्रत जवळ ठेवावी व विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे. शिक्षक व पंचायत सदस्यांनीही ती प्रत वाचल्यावाचून त्याच्याविषयी मत बनवू नये.