माणशी मोबदला

१. रोगी आला नाही तरी डॉक्टरला पैसे मिळतात, याचं मला सुरुवातीला फार नवल वाटलं. लालबागला मी ई.एस.आय.चा, म्हणजे राज्य कामगार विमा योजनेचा, पॅनल डॉक्टर झालो, तेव्हा या भागात गिरण्या चालू होत्या. कायदा १९४८चा, मुंबईत योजना आली १९५४ साली. हिशेब माणशी: यादीवर जितके विमेदार कामगार, तितक्यांचा वर्षाचा ठरलेला मोबदला. कामगार वर्षातून एकदा येवो की आठवड्यातून दोनदा, रक्कम तीच.

२. या हिशेबाने मला विनाकारण सुई टोचण्याच्या मोहातून वाचवलं, हे मी आजही मानतो. पण त्याची दुसरी बाजूही होती. कार्डिंग खात्यातला कामगार खोकत आला की बाटली भरून द्यायला दोन मिनिटं पुरायची. ‘सुटीनंतर पहिल्या पाळीला छाती जास्त आवळते का?’ हे विचारायला मात्र त्याला बसवून घ्यावं लागे. कापसाच्या धुळीचा आजार त्या एका प्रश्नात सापडतो. मोबदल्याच्या लेखी दोन्ही तपासण्या सारख्याच, आणि बाहेर बाकावर दाटी.

३. यादी गिरणीच्या पगारावर जगते, हे गिरणी कामगारांच्या संपाने दाखवलं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. पगार नाही म्हणून वर्गणी नाही, आणि काही महिन्यांनी उपचारांचा हक्कही गेला. नावं कमी झाली, माणसं येतच राहिली. उपासमारीने खंगलेल्या माणसाला कार्ड विचारायचं कसं?

४. पॅकेजची पद्धत मी उतारवयात पाहिली. २०१२ साली मुंबईत राजीव गांधी जीवनदायी योजना आली, तीच पुढे महात्मा फुले योजना झाली. इथे एका शस्त्रक्रियेची एक रक्कम, ती रुग्णालयाला. खाट, औषधं, तपासण्या, सर्जनची फी, सगळं त्यातच. मोठ्या ऑपरेशनचं दार गरिबाला उघडलं, ही थोर गोष्ट आहे. पण ते ऑपरेशन टळावं म्हणून रक्तदाबाच्या रोग्याशी महिनोन् महिने बोलणाऱ्या गल्लीतल्या डॉक्टरला त्या दरपत्रकात जागा नाही. ती मिळायला हवी.

५. विम्याच्या कार्डाकडे लोक आजारी पडल्यावरच बघतात. ई.एस.आय.साठी आज कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. तुमच्या पगारपत्रकात ही कपात दिसत असेल, तर घरच्यांची नावं विम्याच्या नोंदीत चढली आहेत का, ते याच आठवड्यात बघून घ्या.