अपस्मार आणि मेंदूतील एक ठिपका

सुदृढ मूल खेळता खेळता अकस्मात कोसळते, डोळे फिरतात, हातपाय झटके देऊ लागतात. अशा वेळी घरातील मंडळींचा धीर सुटणे स्वाभाविक आहे. कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी बाहेरची बाधा म्हणून अंगारा आणावयास धावतो. वस्तुतः आकडी, फेफरे अथवा फिट या नावांनी ओळखला जाणारा अपस्मार हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतील पेशींत क्षणभर उसळणारा विद्युतप्रवाह हे त्याचे कारण होय. हा प्रवाह कोठून उसळतो, हे पाहण्याचे साधन म्हणजे मेंदूचे चित्रण.

रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी स्कॅन १९७१ साली लंडनमध्ये झाले. १९८० च्या दशकात भारतीय रुग्णालयांतून हे तंत्र रुळू लागले, तेव्हा एक कोडे समोर आले. फिट आलेल्या अनेक रुग्णांच्या मेंदूत एकच लहानसा, चमकणारा ठिपका दिसे. आपल्या देशात क्षयरोग सर्वत्र असल्याने तो क्षयाची गाठ समजला जाई आणि रुग्णास महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली जात. विशेष म्हणजे कित्येक ठिपके काही काळाने आपोआप नाहीसे होत.

या कोड्याची उकल वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाली. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेपासून सुरू केलेली ही सेवाभावी संस्था. तेथील मेंदूशल्यचिकित्सक डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदांतम राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेने काढलेले असे ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. अनेक नमुन्यांत क्षय नव्हे, तर पट्टकृमीच्या अळीचे अवशेष आढळले. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी निदानाचे निकष घालून दिले : ठिपका एकच असावा, २० मिलिमीटरहून लहान असावा, मेंदूवरील दाब वाढल्याची लक्षणे नसावीत. या निकषांमुळे असंख्य रुग्णांची अनावश्यक शस्त्रक्रिया व क्षयाची औषधे टळली.

येथे पालक हमखास विचारतात, “आम्ही शुद्ध शाकाहारी; मग हा जंत मुलाच्या मेंदूत गेला कसा?” उत्तर समजून घेण्याजोगे आहे. अर्धवट शिजलेले डुकराचे मांस खाल्ल्यास जंत आतड्यात वाढतो. मेंदूतील अळी मात्र त्या जंताच्या अंड्यांपासून होते. ही अंडी जंतबाधित माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, दूषित पाणी व कच्ची भाजी यांमार्फत कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. म्हणून दोष आहाराचा नसून अस्वच्छतेचा आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, वेल्लोर जिल्ह्यातील ५० हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत, चालू अपस्माराचे प्रमाण हजारी सुमारे ४ आढळले. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांत या अळीचा संबंध दिसला. म्हणजेच यातील पुष्कळसा अपस्मार टाळता येण्याजोगा आहे.

पुंडलिकनगर परिसरातील कुटुंबांनी काही गोष्टी अवश्य ध्यानात ठेवाव्यात. फिट आल्यास रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये. झटके ५ मिनिटांहून अधिक चालल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. स्कॅनमध्ये ठिपका दिसला म्हणून हबकून जाऊ नये. त्याचा अर्थ तज्ज्ञांकडून समजून घ्यावा. ठरलेल्या मुदतीने पुन्हा स्कॅन करावे व औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, भाज्या स्वच्छ धुणे व शौचालयाचाच वापर करणे, हा खरा प्रतिबंध होय.

मुलीला फिट येते हे लग्नाच्या भीतीने लपविले जाते, ही खेदाची बाब आहे. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख १९९९ सालीच वगळण्यात आला. समाजाच्या मनातून तो अद्याप जावयाचा आहे.

देणगीदारांनी एका गरजू मुलाच्या स्कॅनचा भार उचलला, तर त्या साहाय्याचे मोल केवळ एका तपासणीपुरते राहत नाही. अचूक निदान झाले की चुकीचे उपचार टळतात, शाळा सुटत नाही आणि घरावरील भीतीचे सावट दूर होते. असा दिलासा अधिकाधिक घरांना लाभावा, यासाठी आपणा सर्वांचे सहकार्य मोलाचे आहे.