डिझेल इंजिनातील इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर : दोषांचे निदान आणि दक्षता

प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, टंचाईच्या दिवसांत वाडी-वस्तीवर पाणी पोहोचविणारा टँकर, शाळेची बस, मोठा ट्रॅक्टर आणि रस्त्याच्या कामावरील खोदाई यंत्र ही ग्रामजीवनाला गती देणारी साधने बहुतांशी डिझेलवर चालतात. यांपैकी एखादे वाहन ऐन गरजेच्या वेळी बंद पडले, तर त्याची झळ संपूर्ण गावाला पोहोचते. गाडी सुरू होत नाही, धूर ओकते, चढावर ओढत नाही, अशी तक्रार आली की 'इंजेक्टर गेले' असा निष्कर्ष अनेकदा तत्काळ काढण्यात येतो आणि सर्व इंजेक्टर बदलण्याचे मोठ्या रकमेचे अंदाजपत्रक मंजुरीसाठी पुढे येते. दोष मात्र कित्येकदा तुंबलेल्या फिल्टरमध्ये, सैल जोडामध्ये किंवा दुबळ्या बॅटरीमध्ये असतो. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' असा प्रकार टाळावयाचा असेल, तर निदानाचा क्रम समजून घेणे अगत्याचे आहे.

जुनी पद्धती आणि नवी पद्धती

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखविले. या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते, की ती तापून तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. साहजिकच इंधन केव्हा, किती आणि किती बारीक फवारले जाते यावर इंजिनाचे सारे आरोग्य अवलंबून असते. हे काम प्रारंभी दाबाखालील हवेच्या साहाय्याने होत असे. १९२७ मध्ये बॉश कंपनीने इंधन-पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिन मालमोटारीत व पुढे ट्रॅक्टरमध्ये सुलभतेने बसू लागले. त्या पद्धतीत पंपाने ढकललेल्या इंधनाच्या दाबाने इंजेक्टरमधील स्प्रिंग मागे सरे आणि फवारा उडे. सर्व कार्य यांत्रिक होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस 'कॉमन रेल' ही पद्धती आली. १९९५ मध्ये जपानमध्ये मालमोटारीत आणि १९९७ मध्ये युरोपमध्ये प्रवासी मोटारीत ती प्रथम वापरात आली. आपल्याकडे प्रदूषणाचे नियम जसजसे कडक होत गेले, तसतसा तिचा प्रसार झाला. १ एप्रिल २०१७ पासून 'भारत स्टेज-४' आणि १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज-६' ही मानके देशभर लागू झाली. ५० अश्वशक्तीहून अधिक क्षमतेच्या ट्रॅक्टरांनाही जानेवारी २०२३ पासून अधिक कडक मानक लागू झाले. त्यामुळे ही यंत्रणा आता शहरापुरती राहिलेली नाही. ती शेताच्या बांधापर्यंत पोहोचली आहे.

इंजेक्टर कार्य कसे करतो?

गावच्या नळपाणी योजनेचे उदाहरण घेतल्यास ही रचना सहज ध्यानात येईल. पंप पाणी उंच टाकीत चढवितो. टाकीतील दाब सर्व नळांना सारखा मिळतो आणि ज्याला हवे त्याने तोटी उघडावी अशी सोय असते. कॉमन रेलमध्ये पंप इंधन एका जाड पोलादी नळीत भरून ठेवतो. ही नळी म्हणजेच 'रेल'. प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर ही तोटी होय. ती केव्हा आणि किती काळ उघडावी हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवितो. यालाच मेकॅनिक मंडळी 'ईसीएम' म्हणतात.

साम्य मात्र येथेच संपते. इंजिन मंद गतीवर असताना रेलमधील दाब साधारणतः ३०० बारच्या आसपास असतो, तर भार पडल्यावर तो १,६०० ते २,००० बार किंवा त्याहूनही अधिक होतो. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब सुमारे २ ते २.५ बार असतो, हे लक्षात घेतल्यास या शक्तीची कल्पना येईल. तोटी उघडी राहते ती सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका अत्यल्प काळ, आणि तेवढ्यातही एका फेरीत दोन-तीन वेळा फवारा द्यावा लागतो.

एवढ्या दाबाविरुद्ध इंजेक्टरची सुई विजेने थेट उचलली जात नाही. विद्युत्-चुंबक एक इवलीशी झडप उघडतो. सुईवरील कप्प्यातील थोडे इंधन परतीच्या नळीने टाकीकडे निघून जाते. वरचा दाब कमी झाला, की खालच्या दाबाने सुई वर सरकते आणि फवारा सुटतो. परतीच्या नळीत थोडे इंधन येणे हे म्हणूनच स्वाभाविक आहे. झडप किंवा आतील भाग झिजले, तर हे प्रमाण भलतेच वाढते आणि रेलमध्ये दाब टिकत नाही. आतील भागांमधील फट अवघी काही मायक्रॉन असते. मनुष्याचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. धूळ आणि पाणी हे इंजेक्टरचे प्रमुख शत्रू का, याचे उत्तर या फटीत आहे.

लक्षणे आणि त्यांचे अर्थ

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन अधिक. दोष इंजेक्टरचा असू शकेल. परंतु तुंबलेला एअर फिल्टर किंवा टर्बोची फाटलेली नळी यांनीही हाच परिणाम होतो. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असू शकतो, तसाच सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याचाही असू शकतो. ठोके पडू लागले किंवा इंजिन एका सिलिंडरवर 'मिसिंग' करू लागले, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर संशयास्पद ठरतो. सेल्फ बराच वेळ फिरवूनही गाडी सुरू होत नसेल, तर बहुधा रेलमध्ये पुरेसा दाब साठत नाही. इंजेक्टरच्या बुडाशी फुसफुस आवाज व काळा डांबरासारखा थर दिसल्यास तेथील तांब्याचा वॉशर निकामी झाला असे समजावे. इंजिन ऑईलची पातळी वाढली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर इंजेक्टर गळत असण्याची शक्यता असते. अशी गाडी तपासणीवाचून चालविणे धोक्याचे आहे.

थोडक्यात, एका लक्षणाची कारणे अनेक असतात. लक्षणावरून संशय घ्यावा. निर्णय मात्र तपासणीनंतरच करावा.

तपासणीचा क्रम

स्वस्त व बाहेरच्या गोष्टींपासून प्रारंभ करून महाग व आतल्या भागांकडे जाणे हा या कामाचा मुख्य नियम होय.

१. बॅटरी व इंधन : बॅटरी दुबळी असल्यास सेल्फ मंद फिरतो, पंप दाब निर्माण करू शकत नाही आणि नियंत्रकाचेही कार्य बिघडते. टाकीत डिझेल पुरेसे व स्वच्छ आहे याची खात्री करावी.

२. कमी दाबाची बाजू : फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी काढावे. फिल्टर मुदतीबाहेर गेला असल्यास बदलावा. नळ्यांच्या जोडातून हवा आत ओढली जात नाही ना, हे पाहावे. फिल्टरमध्ये धातूची चमकदार पूड आढळल्यास उच्च दाबाचा पंप झिजला असे समजावे. अशा वेळी केवळ इंजेक्टर बदलणे व्यर्थ आहे; तीच पूड नव्या इंजेक्टरांचाही घात करते.

३. दोष-संकेत : स्कॅनर जोडून नियंत्रकाने नोंदविलेले संकेत वाचावेत व पुसण्यापूर्वी लिहून ठेवावेत. 'पी ०२०१' ते 'पी ०२०४' हे संकेत अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या विद्युत्-मंडलात दोष असल्याचे सांगतात. येथे 'मंडल' हा शब्द महत्त्वाचा आहे. दोष इंजेक्टरमध्ये असेल, तसाच तो तारेत किंवा जोडातही असेल. 'पी ००८७' हा संकेत रेलमधील दाब कमी असल्याचे सांगतो. तो का कमी आहे, हे सांगत नाही.

४. तारा व जोड : गंजलेली पिन, उंदराने कुरतडलेली तार, घासून उघडी पडलेली वायर यांचा शोध इंजिन बंद असताना घ्यावा. विद्युत्-चुंबकीय इंजेक्टरचा विद्युत्-रोध सामान्यतः एक ओहमपेक्षाही कमी असतो, तर पिएझो प्रकारच्या इंजेक्टरचा रोध लाखाहून अधिक ओहम असतो. सर्व इंजेक्टरांची मोजमापे घेऊन त्यांची परस्परांशी तुलना करावी. इतरांहून वेगळा असणारा इंजेक्टर दोषी असण्याचा संभव अधिक.

५. रेलमधील दाब : सेल्फ फिरवीत असताना स्कॅनरवर हा दाब पाहावा. तो साधारणपणे दीड-दोनशे बारच्या पुढे गेल्याशिवाय बहुतेक इंजिनांत नियंत्रक इंजेक्टरला आज्ञाच देत नाही.

६. परतीच्या इंधनाची चाचणी : प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या तोंडाला पारदर्शक नळी लावून तिचे टोक सारख्या आकाराच्या बाटलीत सोडतात. इंजिन ठरावीक वेळ चालवून बाटल्यांतील पातळी ताडून पाहतात. जी बाटली इतरांच्या मानाने फार लवकर भरते, तिचा इंजेक्टर झिजलेला असतो. पिएझो प्रकारच्या काही इंजेक्टरांना परतीच्या नळीत विशिष्ट दाब लागतो. तेथे उत्पादकाने सांगितलेलीच रीत वापरावी.

या क्रमाने जाऊनही संशय कायम राहिला, तरच इंजेक्टर काढून चाचणी-यंत्रावर पाठवावा.

एक सवय सोडलीच पाहिजे

जुन्या इंजिनाचा दोषी सिलिंडर ओळखण्याची एक सोपी युक्ती मेकॅनिक पिढ्यान्पिढ्या वापरीत आले. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट पान्याने सैल करावयाचा आणि आवाजात फरक पडतो की नाही ते ऐकावयाचे. कॉमन रेल इंजिनावर ही युक्ती प्राणघातक ठरू शकते. हजार बारहून अधिक दाबाने सुटलेली डिझेलची धार त्वचा भेदून आत शिरते. बाहेरून केवळ सुई टोचल्यासारखी खूण दिसते आणि प्रारंभी वेदनाही फारशी होत नाही. आत मात्र इंधन पसरून पेशी मृत होऊ लागतात आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात कापावा लागतो. अशी इजा झाल्यास घरगुती उपचारात वेळ न दवडता जखमीला तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि 'उच्च दाबाचे डिझेल त्वचेत शिरले आहे' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

गळती हाताने चाचपून शोधू नये. लांबून पुठ्ठा धरून पाहावे. इंजिन बंद केल्यानंतरही दाब उतरण्यास उत्पादकाने सांगितलेला वेळ द्यावा. चालू इंजिनावर इंजेक्टरच्या तारांना हात लावू नये, कारण तेथील व्होल्टता बॅटरीच्या कित्येक पट असते. बॅटरीच्या तारा थेट इंजेक्टरला लावून तो 'वाजवून' पाहण्याची प्रथाही त्याज्य आहे. तिच्यामुळे चांगले वेटोळे जळून जाते.

मंजुरीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

दुरुस्तीच्या खर्चास मान्यता देणारा अधिकारी किंवा पंचायत सदस्य यंत्रज्ञ असलाच पाहिजे असे नाही. पुढील प्रश्न विचारले, तरी सार्वजनिक पैशाचा अपव्यय मोठ्या प्रमाणात टळू शकेल. कोणते दोष-संकेत मिळाले व ते लेखी आहेत काय? फिल्टर शेवटचा केव्हा बदलला? रेलमधील दाब किती आढळला? परतीच्या इंधनाची चाचणी झाली काय, आणि तीत नेमके कोणते इंजेक्टर दोषी ठरले? एकच दोषी असेल, तर सर्व बदलण्याचे कारण काय?

इंजेक्टर बदलल्यास आणखी एक गोष्ट पाहावी. प्रत्येक इंजेक्टरच्या फवाऱ्यात उत्पादनाच्या वेळीच सूक्ष्म फरक राहतो. तो मोजून त्याचा संकेतांक अनेक इंजेक्टरांच्या माथ्यावर छापलेला असतो. तो नियंत्रकात नोंदविला नाही, तर नवा इंजेक्टर बसवूनही इंजिन खडखडत राहते. तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवाच वापरावा आणि जुने सुटे भाग ताब्यात घ्यावेत.

प्रतिबंध हाच उत्तम उपाय

उघड्या पिंपात साठविलेले डिझेल टाकीत ओतू नये. रॉकेलची भेसळ विशेष घातक असते. तिच्यामुळे इंधनातील वंगणगुण कमी होऊन पंप झिजतो. पावसाळ्यात फिल्टरमधील पाणी वरचेवर काढावे. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये. प्रत्येक सार्वजनिक वाहनासाठी एक नोंदवही ठेवून फिल्टर, ऑईल व दोष-संकेत यांची नोंद तारखेसह करावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील डिझेल मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांकडून वर वर्णिलेला तपासणीचा क्रम शिक्षकांनी प्रत्यक्ष करून घेतल्यास उद्याच्या गॅरेजमध्ये अनुमानाची जागा मोजमाप घेईल.

यंत्र बदलले, की ते हाताळण्याची रीतही बदलावी लागते. पान्याच्या जोडीला मोजमाप आणि अनुभवाच्या जोडीला नोंद आली, तर रुग्णवाहिका वेळेवर निघेल, टँकर वस्तीवर पोहोचेल आणि गॅरेजमध्ये राबणारे हातही सुरक्षित राहतील.