बिनगिअरच्या गाडीचा पट्टा

मंडळी, आज गावोगावी बिनगिअरची स्कूटर दिसते. दूध घालायला, बाजाराला, दवाखान्यात आपण तिच्यावरूनच जातो. पुण्याच्या किनेटिक कंपनीने जपानच्या होंडा कंपनीबरोबर १९८४ साली अशी गाडी आपल्या देशात आणली. गिअर बदलायची कटकट नाही. मूठ पिळली, की गाडी चालली!

पण गिअर बदलावा लागत नाही, म्हणजे आत काहीच नाही असे नव्हे. हे आम्ही नुकसान सोसून शिकलो.

आमची फजिती

एका सकाळी आम्ही वीस लिटर दूध घेऊन डेअरीला निघालो. चढावर गाडी थांबली. इंजिन चालू, पण चाक फिरेना. आतला पट्टा, म्हणजे बेल्ट, तुटला होता. गाडी ढकलत डेअरीवर गेलो, तोवर काटा बंद झाला होता. उन्हात दूध नासले.

पट्टा तर दोनच महिन्यांपूर्वी नवा घातला होता! मग तुटला कसा? आम्ही तो सुटा आणि स्वस्त घेतला होता. दुकानदार म्हणाला, "चालतोय, घ्या." आम्ही घेतला. वरचा नंबर वाचलाच नाही.

आत काय असते?

पिठाची गिरणी आठवा. मोटारीच्या चाकावरून जात्याच्या चाकावर पट्टा जातो. तसेच इथे आहे. पुढे एक पुली, मागे एक पुली, मधे पट्टा.

प्रत्येक पुली दोन तबकड्यांची असते. पुढच्या पुलीत बहुधा सहा रोलर असतात. गोफण फिरवली, की दगड बाहेर ओढ घेतो ना? तसेच इंजिन जोरात फिरले, की रोलर बाहेर सरकतात. ते तबकडीला ढकलतात. तबकड्या जवळ येतात, पट्टा वर चढतो. त्याच वेळी मागच्या पुलीत तो आत उतरतो. असा गिअर आपोआप बदलतो. मागे क्लच असतो. त्याचे गुटके बाहेर फाकून वाटीला घट्ट धरतात, तेव्हा चाक फिरते.

झिजतात ते हेच भाग. पट्ट्याला चिरा पडतात. गोल रोलर एका बाजूने चपटे होतात. गुटके पातळ होतात. मग गाडी चढाला दम खाते.

भाग कसे घ्यावेत?

१. जुना भाग फेकू नका. पुसून दुकानात सोबत न्या.

२. गाडीचे नाव आणि वर्ष कागदावर लिहून न्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षावरून भाग बदलतात.

३. पट्ट्यावरचा आणि पाकिटावरचा नंबर वाचा. तो इंग्रजी आकड्यांत असतो. एकेक आकडा जुळवा. एक आकडा चुकला, तरी पट्टा दुसऱ्याच गाडीचा निघेल.

४. पाकीट बंद हवे. त्यावर किंमत, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना आणि वर्ष पाहा.

५. रोलर एकटा-दुकटा बदलू नका. सगळा संच घ्या. वजन गाडीच्या पुस्तकात दिलेलेच हवे.

६. पावती घ्या. दाद मागायची तर हातात कागद पाहिजे. सरकारची ग्राहक हेल्पलाईन आहे, तिचा नंबर १९१५.

हत्यारे कोणती?

झाकणाच्या बोल्टांना बहुतेक गाड्यांत आठ नंबरचा पाना लागतो. पुलीच्या मोठ्या नटाला त्याच्या मापाचा बॉक्स पाना हवा. नट सोडवताना पुली फिरू नये, म्हणून ती धरायचा होल्डर मिळतो. नट किती आवळायचा, ते टॉर्क पाना सांगतो. ही दोन हत्यारे महाग वाटली, तर चार घरांनी मिळून घ्या, नाहीतर ओळखीच्या मिस्त्रीकडून मागून आणा. पण छिन्नी-हातोड्याने नट ठोकू नका. पुलीचा दांडा थेट इंजिनात जातो. तो बिघडला, तर खर्च कितीतरी पटीने वाढेल.

काम करताना

गाडी मोठ्या स्टँडवर लावा, किल्ली काढा, इंजिन निवू द्या. आतली धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. पट्ट्याला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका, नाहीतर तो घसरतो. पट्ट्यावर बाण असेल, तर तो पुली फिरते त्या दिशेला ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचे ऐका. पट्टा चढवताना मागच्या तबकड्या फाकवून तो आत खोल दाबा. म्हणजे पुढे तो सैल राहतो. तसे न केल्यास पुढचा नट आवळताना पट्टा तबकड्यांत चिमटतो. नट घट्ट झाला असे वाटते, पण मागाहून तो ढिला पडतो.

मागचा क्लच मात्र घरी उघडू नका. आत दाबलेली स्प्रिंग असते. नट काढताच ती उसळते. ते काम मिस्त्रीचे.

आकडा कोणी ओळखला?

दुसऱ्यांदा दुकानात गेलो, तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. साठीत त्या रात्रीच्या वर्गाला जाऊन अक्षरे शिकल्या. दुकानदाराने पट्टा पुढे केला. आईंनी चष्मा लावला. कागदावर बोट ठेवून एकेक आकडा वाचला आणि म्हणाल्या, "दादा, शेवटचा आकडा वेगळा आहे की!"

दुकानदाराने पट्टा हातात घेऊन पाहिला. मुकाट्याने आत गेला आणि दुसरा घेऊन आला.

त्या पट्ट्यावर आमची गाडी आजही दूध घेऊन चढ चढते.

सांगा पाहू

१. रोलर बाहेर का सरकतात?
२. पाकिटावर काय काय वाचावे?
३. तुमच्या घरी गाडी किंवा पंप असेल, तर त्याचे नाव, वर्ष आणि नंबर वहीत लिहून ठेवा.