बेळगावचा खंदक काय शिकवतो?



सातवीच्या वर्गात आम्ही एकदा विचारले, "किल्ल्यांची नावे सांगा." रायगड, प्रतापगड, पन्हाळा अशी नावे भराभर आली. येळ्ळूरचा राजहंसगडही आला. बेळगावचा किल्ला मात्र एकाच विद्यार्थ्याने सांगितला आणि लगेच तो म्हणाला, "सर, पण तो डोंगरावर नाही!"

या "पण"चे उत्तर म्हणजे आजचा पाठ.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकांत चित्तोड होता, दिल्लीचा लाल किल्ला होता. बेळगावचा खंदक आम्ही नीट उभे राहून पाहिला तेव्हा चाळिशी उलटली होती. आपल्या मुलांना इतका उशीर होऊ नये, अशी आमची इच्छा आहे.

खंदक कशासाठी?

डोंगरावरच्या किल्ल्याला निसर्गाने दिलेले कडे असतात. सपाट जागेवरच्या किल्ल्याला आपण भुईकोट म्हणतो. त्याला कडा नाही, म्हणून माणसाने तो उलटा, म्हणजे जमिनीत खोल खणून तयार केला. तोच खंदक. शिड्या तटाला टेकवता येत नाहीत, हत्ती दरवाजाला भिडत नाहीत, आणि खंदक ओलांडणारा शत्रू बुरुजावरच्या सैनिकांच्या माऱ्यात सापडतो. पाणी भरलेले असेल तर तटाखालून भुयार खणणेही कठीण, कारण ते पाणी भुयारात झिरपते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात किल्ल्याभोवती तीन खंदक सांगितले आहेत. त्यांची रुंदी अनुक्रमे १४, १२ आणि १० दंड. एक दंड म्हणजे चार हात, साधारण सहा फूट. खंदकातून निघालेल्या मातीचाच तटाखालचा भराव करावा, असेही त्यात आहे. म्हणजे एका खोदकामात दोन कामे : खाली खड्डा वाढतो आणि वर तट चढतो.

बेळगावचा इतिहास

बेळगावचे जुने नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूचे, बांबूचे गाव. इथे रट्ट राजांची राजधानी होती. किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, १२०४ च्या सुमारास, त्याचा मंत्री बीचण याने बांधले. छतातून खाली लोंबणारे दगडी कमळ पाहताना मान दुखली तरी खाली पाहावेसे वाटत नाही. त्याला ७२ पाकळ्या आहेत : भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांचे प्रत्येकी २४ तीर्थंकर. या दानाची हकीकत सांगणारे जुन्या कन्नडमधील दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बेळगावचा दगड पाहायला लंडनला जावे लागते, हेही लक्षात ठेवा.

पुढे यादव आले, विजयनगर आले. १४७२ मध्ये बहमनी सुलतान तिसरा मुहम्मदशहा आणि त्याचा वजीर महमूद गावान यांनी वेढा घातला. फिरिश्ता या इतिहासकाराने त्याचे वर्णन केले आहे. किल्ल्याभोवती पाण्याने भरलेला खोल खंदक होता. वेढा घालणारे दिवसा त्यात लाकडे व माती टाकत आणि आतले लोक रात्री ती काढून टाकत. शेवटी सुरुंग लावून तट फोडला गेला. दख्खनमध्ये त्यापूर्वी सुरुंग कोणाला ठाऊक नव्हते, असे फिरिश्ता म्हणतो.

नंतर आदिलशाही आली. असदखान लारी याच्या काळातील सफा मशीद किल्ल्यातच आहे. मोगल गेले, पेशव्यांचा अंमल आला. १८१८ मध्ये जनरल मन्रो याने सुमारे तीन आठवडे वेढा घातला आणि १० एप्रिलला किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. खंदक तोच होता, पण तोफा बदलल्या होत्या. दूरवरून तट फोडणाऱ्या तोफेला पाणी अडवू शकत नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. खंदक किल्ला कायमचा वाचवत नाही, तो फक्त वेळ मिळवून देतो. त्या वेळेत आतल्या माणसांनी जागे राहायचे असते.

जर्मनीतला पाणकोट

हा विचार आपल्याकडेच होता असे नाही. उत्तर जर्मनीत म्युन्स्टरलांड नावाचा सपाट प्रदेश आहे. तिथे डोंगर नाही, पण जमिनीत पाणी वरच लागते. खणले की खंदक आपोआप भरतो. म्युन्स्टरच्या बिशपने १२७१ मध्ये तिथे बर्ग व्हिशरिंग हा गढीवजा किल्ला बांधायला घेतला. पाण्यात दोन बेटे : एकावर तबेले आणि कोठारे, दुसऱ्यावर मालकाचा वर्तुळाकार वाडा, आणि मध्ये पूल. शत्रूने पहिले बेट घेतले तरी दुसरे बाकी राहते. १५२१ मध्ये आगीत वाडा जळाला, तो पुन्हा बांधला. आज तिथे संग्रहालय आहे आणि खंदकात अजूनही पाणी आहे.

आज आपण काय करतो?

आता थोडे कडू बोलतो. मागच्या सहलीत कमल बस्ती पाहून परत येताना आम्ही खंदकाच्या काठावर डबे उघडले. निघताना मागे वळून पाहिले तर वेफर्सची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या उतारावरून खाली गेल्या होत्या. मुले आपलीच होती. सोबत आम्ही शिक्षकही होतो, म्हणून चूक आधी आमची. काही मुलांना घेऊन आम्ही हाताला लागले तेवढे उचलले, बाकीचे खालीच राहिले.

१४७२ मध्ये खंदक शत्रू दिवसा भरत होता आणि किल्ल्यातले लोक रात्री रिकामा करत होते. आज दिवसा भरणारे आपणच आहोत, आणि रात्री काढायला कोणी येत नाही.

हा किल्ला कोणा एकाचा नाही. आत जैन बस्ती आहे, मशीद आहे, दुर्गेचे देऊळ आहे, रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. लेख कन्नडमध्ये आहे, आणि वाचायला आपण मराठी मुले जातो. घरी कोणतीही भाषा बोला, खंदक सर्वांचा आहे.

म्हणून यंदाच्या सहलीला प्रत्येक वर्गासोबत दोन रिकामी पोती असतील. पालकांनी डबा स्टीलचा द्यावा. विश्वस्त मंडळाला विनंती, की बससाठी अर्धा दिवस अधिक मंजूर करावा. किल्ला पाहायला तासभर पुरतो, शिकायला पुरत नाही.

स्वाध्याय

१. राजहंसगड आणि बेळगावचा किल्ला यांच्या रचनेत कोणते तीन फरक आहेत?
२. कौटिल्याच्या पहिल्या खंदकाची रुंदी फुटांत काढा व शाळेच्या मैदानावर पावलांनी मोजून पाहा.
३. घरातील आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी खंदक कसा दिसत होता? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.