घरगुती मत्स्यालयातील शिकारी मासे

शोभेचे मासे पाळण्याचा छंद निरुपद्रवी मानला जातो. तथापि शिकारी माशांच्या बाबतीत पूर्वविचार अगत्याचा ठरतो. लायनफिश हे त्याचे बोलके उदाहरण होय.

हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या प्रवाळक्षेत्रांत आढळणाऱ्या या माशाच्या मोठ्या जाती ३५ सेंटिमीटरांहून अधिक वाढतात. त्यांना सुमारे ४५० लिटर खाऱ्या पाण्याची टाकी लागते. तोंडात मावेल तो सोबती हा मासा गिळतो. म्हणून लहान मासे त्याच्यासोबत ठेवू नयेत. त्याला मृत कोळंबी व माशांचे तुकडे खाण्याची सवय क्रमाक्रमाने लावावी.

त्याच्या पाठीवर १३ विषारी काटे असतात. काटा टोचल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवावा, कारण उष्णतेने विषाचा प्रभाव घटतो. त्यानंतर विनाविलंब वैद्यकीय उपचार घ्यावेत.

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या समुद्रात हा परका मासा १९८५ साली प्रथम आढळला. मत्स्यालयांतून सोडलेल्या माशांपासून त्याचा प्रसार झाला, असे शास्त्रज्ञ मानतात. तेथे नैसर्गिक शत्रू जवळजवळ नसल्याने आणि मादी वर्षाकाठी सुमारे २० लाख अंडी घालत असल्याने तो कॅरिबियन समुद्रभर पसरला व स्थानिक मासे घटले.

भारतातही २०२३ साली काश्मीरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार हा उत्तर अमेरिकेतील शिकारी मासा सापडला. नकोसा झालेला मासा नदी, तलाव वा विहिरीत न सोडता विक्रेत्याकडे परत द्यावा. शाळा व ग्रामपंचायतींनी ही दक्षता लोकांच्या मनावर बिंबविल्यास स्थानिक मत्स्यधन सुरक्षित राहील.