सोबतीची शिदोरी
(सभासद शिक्षण : अभ्यास-पाठ)



ह्या सदरात आपण बेणे, खत, पाणी आणि भागभांडवल यांचा विचार नेहमीच करतो. आजचा विषय थोडा निराळा आहे, पण प्रत्येकाच्या दाराशी येणारा आहे. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन कारखान्याचे पहिले शेअर्स घेतले, ती पिढी आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहे. शेत पोरांनी हातात घेतले, बैल गेले, ट्रॅक्टर आला, आणि म्हाताऱ्या माणसाने दिवसभर करायचं काय, हा प्रश्न घरोघर उभा राहिला.

उतारवयात माणसाला काय लागते? दोन घास आणि वेळेवर औषधपाणी हे तर हवेच. पण तिसरी एक गोष्ट आहे, तिचा हिशेब आपण मांडत नाही. ती म्हणजे माणसांची सोबत. ही सोबत म्हणजे नुसती माणसांची गर्दी नव्हे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

पामचे उदाहरण

पालघर जिल्ह्यात बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीच्या शेजारी पाम नावाचे गाव आहे. तिकडे आपल्यासारखा ऊस नाही. भात, नागली, चिकूच्या वाड्या आणि किनाऱ्याला मासळी असा तो मुलूख. तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे कारखान्यांची वसाहत वाढली आणि बाहेरगावची माणसे पोटासाठी बोईसरच्या आसपास राहू लागली. त्यात आपल्या भागातली मुलेही आहेत. मुलगा तिकडे स्थिरावला की आईबापांना म्हणतो, "आता गावाकडं एकटं कशाला राहता? या इकडं." मुलाच्या मनात मायाच असते.

समजा, असा एक सभासद पामच्या बाजूला मुलाच्या दोन खोल्यांत राहायला गेला. जेवण वेळेवर मिळते, सून मान राखते. पण मुलगा रात्रपाळी करून आलेला, म्हणून दिवसा रेडिओदेखील हळू लावायचा. सून लोकलने कामाला जाते. नातवंडे शाळेत आणि मग क्लासला. गावी ह्याच माणसाला सकाळी चारजण हाक मारीत. कुणाला पाण्याची पाळी विचारायची असे, कुणाला बांधाचा तंटा मिटवायचा असे, कुणाची गाय अडलेली असे. इथे त्याला कशाची वाण नाही. मात्र त्याच्यावाचून कुणाचे काही अडत नाही. खरे दुखणे ते हेच. ज्याच्यावाचून कुणाचे अडत नाही, तो माणूस भरल्या घरातही एकटा पडतो.

आणि हे फक्त बोईसरला घडते असे समजू नका. गावातल्या गावात, ओसरीवरच्या खाटेवरही ते घडते.

त्याच मुलखातले दोन धडे

आता त्याच पालघर जिल्ह्यातली दुसरी बाजू पाहू. सातपाटी हे मच्छिमारांचे मोठे बंदर, पापलेटसाठी नावाजलेले. तिथे मच्छिमारांच्या सहकारी सोसायट्या आहेत, म्हणजे आपलेच भाऊबंद म्हणायचे. अशा कोळीवाड्यात समुद्रावर जायचे वय सरले तरी माणूस कामातून बाद होत नाही. जाळी फाटतातच. ती सांधायला सरावाचा हात लागतो. चार म्हातारे एकत्र बसून जाळी सांधतात, आणि हात चालता चालता गावाच्या गोष्टीही चालतात.

दुसरा धडा वारली समाजाचा. त्यांच्या लग्नात 'धवलेरी' म्हणून एक जाणती बाई असते. परंपरेची लग्नगीते तिला पाठ असतात आणि तीच लग्नाचा विधी चालवते. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे बाईला "तू आता एका जागी बस" म्हणतात, त्या वयात तिकडे तिला मांडवात बोलावणे येते.

दोन्हीकडे गोष्ट एकच आहे. म्हाताऱ्या माणसाला नुसता मान नाही, तर काम आहे, पाळी आहे, आणि बरोबर बसणारी माणसे आहेत.

अभ्यासकांना काय आढळले?

ही नुसती भावनेची बाब नव्हे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली एक पाहणी सुरू केली. पुढे तीत बोस्टन शहराच्या गरीब वस्तीतली मुलेही आली. अशा ७२४ जणांची प्रकृती वर्षानुवर्षे तपासण्यात आली. ज्यांचे पन्नाशीत आपल्या माणसांशी संबंध समाधानाचे होते, ते ऐंशीत अधिक धडधाकट आढळले. २०१० साली अशा १४८ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. त्यात ३ लाखांवर माणसे होती. ज्यांचे लागेबांधे घट्ट, त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा जाचतो.

जपानच्या ओकिनावा बेटावर दीर्घायुषी माणसे पुष्कळ. तिथे 'मोआई' नावाची चाल आहे. थोडे मित्र ठरल्या दिवशी जमतात, पैसे गोळा करतात आणि पाळीने एकेकाला देतात. ही तर आपली भिशीच झाली! पैशाच्या निमित्ताने भेट चुकत नाही, आणि कुणी आला नाही तर लगेच चौकशी होते. औषधाइतका गुण ह्या चौकशीत आहे.

आपण काय करावे?

१. वार आणि वेळ ठरवा. "कधीतरी भेटू" म्हटले की भेट होत नाही. भजन, भिशी, वाचन, पारावरची बैठक काहीही असो, पण वार ठरलेला हवा. न आलेल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी एकाने जावे.

२. अंगावर एक तरी जबाबदारी ठेवा. नातवाला शाळेत पोचवणे, सोसायटीच्या पाण्याची वेळ पाहणे, देवळाची किल्ली सांभाळणे. काम लहान चालेल, पण ते आपल्यावाचून अडले पाहिजे. मुलांनीही "तुम्ही काही करू नका" हे वाक्य जपून वापरावे.

३. कान तपासून घ्या. ऐकू कमी आले की माणूस बोलणे तोडतो, आणि घरचे म्हणतात, म्हातारा तऱ्हेवाईक झाला. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या १४ गोष्टी लॅन्सेट आयोगाने २०२४ साली दाखवल्या. त्यात बहिरेपणा आणि माणसांपासून तुटणे ह्या दोन्ही आहेत. यंत्र लावायला लाज कसली?

४. जुना गाव सोडू नका, नवा शेजार जोडा. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट. जत्रेला, वार्षिक सभेला जरूर या. परंतु जिथे राहता तिथल्या चार दारांचीही ओळख हवी. पामच्या शेजाऱ्याला भातशेती विचारा, त्याला उसाचे सांगा.

५. बायाबापड्यांचा विचार करा. नवरा गेला की शेअर वारसाच्या नावे होतो आणि त्या माउलीला कारखान्याचे निमंत्रणही येईनासे होते. सभासदाच्या मागे राहिलेल्या बाईला सभेच्या, हळदीकुंकवाच्या दिवशी घरचे माणूस पाठवून आणवावे, असे आम्ही सुचवितो.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. २००७ च्या कायद्याने ६० वर्षांवरील माणसाला मुलांकडून पोटगी मागता येते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन सांभाळ न झाल्यास परत मागता येते. अर्ज प्रांतांकडे करावा. अडचणीत १४५६७ ह्या क्रमांकावर फोन करावा. मात्र कायदा भाकर मिळवून देईल. शेजारी येऊन बसणारे माणूस तो देणार नाही. ते आपणच जोडायचे, आणि हातपाय चालतात तोवर जोडायचे. आडसाली ऊस ज्याला जानेवारीत हवा, त्याने बेणे कधी लावायचे, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या आळीत आठवडाभर ज्यांच्याशी कुणी बोलले नाही, असे कोण आहे?
२. घरातल्या वडीलधाऱ्यांवाचून अडेल असे कोणते काम आपण त्यांच्याकडे ठेवले आहे?
३. बाहेरगावी मुलाकडे गेलेल्या सभासदांची यादी गटात आहे का? त्यांना महिन्यातून एकदा फोन कोण करील?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी लिहून ठेवावे. विना सहकार नाही उद्धार, हे उसाला जितके लागू, तितकेच म्हातारपणाला.